कुबट, खवट, खमंग

आमच्या नेवासे तालुक्यात कुणी ‘वास येतोय’ एवढंच म्हटलं, तरी ऐकणारी बाई नाकाला पदर लावते. चांगला वास असेल तर माणूस ‘वास सुटलाय’ म्हणतो. येतो तो नकोसा, सुटतो तो हवासा. घाणसुद्धा सुटते म्हणा, पण तिचं नाव घेऊन सांगावं लागतं. हा नियम मला दहावीपर्यंत कुठल्या मास्तरानं शिकवला नाही, पण नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, अडाणी माणूसही त्यात चुकत नाही.

गंमत अशी की हे शब्द मुळात वाईट नव्हते. संस्कृतात ‘वास’ म्हणजे सुगंध. ‘घाण’ आली ‘घ्राण’वरून, आणि घ्राण म्हणजे नुसतं हुंगणं, नाहीतर नाक. ‘दर्प’ म्हणजे तर गर्व. बोकड दारात यायच्या आधी त्याचा वास छाती पुढं काढून येतो, म्हणून आपल्या लोकांनी त्याला दर्प म्हटलं असावं. हिंदीतही तेच झालं. फारसीतला ‘बू’ म्हणजे साधा वास, खुशबूतही तोच आणि बदबूतही तोच. पण नुसतं ‘बू आ रही है’ म्हटलं की माणूस नाक दाबतो. साधा शब्द मोकळा सोडला की तो वाईटाकडंच का जातो, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, चांगला वास माणसाला काही काम लावत नाही. त्याच्यापुढं नुसतं बसून राहिलं तरी चालतं. वाईट वास आला की उठावं लागतं.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण वाईट वासाचे वीसेक शब्द तिच्या जिभेवर होते आणि प्रत्येक शब्दाचं काम वेगळं होतं. कणगीत हात घालून मूठभर ज्वारी काढायची, नाकाजवळ न्यायची आणि म्हणायची, ‘कुबट हाय,’ नाहीतर, ‘उबट हाय.’ आम्हा पोरांना दोन्ही एकच वाटायचं. कुबट म्हणजे वारा लागला नाही, आत कोंदलंय. कणगीचं तोंड मोकळं करा, दार उघडं टाका, चार दिवसांत जातो. उबट म्हणजे दाण्यात ओल राहिली, आत ऊब धरली, धान्य तापायला लागलं. मग हातातलं काम टाकायचं, सगळी कणगी उपसायची आणि धान्य उन्हाला पसरायचं. दिवसभर उशीर झाला तरी दाण्याला जाळी धरते. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक, पण त्या एका अक्षरावर घरातल्या चार माणसांचे दोन दिवस जायचे.

खवटाचं वेगळं. तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं एकदा खवट झालं की परत येत नाही. ते दिव्याला जायचं, नाहीतर गाडीच्या आसाला. ओशट म्हणजे भांड्याला तेला-तुपाचा हात राहिलाय, राख घेऊन पुन्हा घासा. करपट म्हणजे पातेलं खाली घ्या, ढवळू मात्र नका, वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढा. जळकट म्हणजे चुलीतलं सोडून दुसरंच काहीतरी पेटलंय, पळा. करपट आणि जळकट यांत जिची गफलत झाली, तिच्या गोठ्याचं छप्पर गेलंच. वशट म्हणजे मटण, मासे, अंडी यांचा वास. माळकऱ्याच्या घरात हा शब्द नाक मुरडून म्हणायचे. आमच्या वस्तीवर मात्र त्याच शब्दावरून ‘वशाट’ म्हणजे मटणाचं जेवण, आणि ‘आज वशाट हाय’ म्हटलं की पोरं दुपारपासून चुलीपाशी घुटमळायची.

या शब्दांच्या शेवटी ‘ट’ कसा रांगेनं बसलाय बघा. कुबट, उबट, खवट, ओशट, वशट, करपट, जळकट, कुजट, धुरकट, मातकट. जीभ टाळूवर आपटते आणि थांबते, जसं काही पुढं हुंगायचं नाही. घमघमाटातही ट आहे, हे मला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगून टाकतो. आजी याच्याही पुढं जायची. ‘करपटाण आली,’ ‘ओशटाण येती,’ ‘खवटाण मारती.’ मागं ‘घाण’ जोडलेली आणि बोलण्यात झिजून नुसती ‘आण’ राहिलेली. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ची. तो हल्ली मोबाईलवरही बघता येतो. त्यात या जातीचे शब्द आहेत. साहेबानं आणि त्याच्या हाताखालच्या पंडितांनी ते टिपून ठेवले, हे चांगलं झालं. माझ्या घरात आता ते फक्त मी बोलतो, आणि नातवंडं हसतात.

सगळंच नाकाला कळतं असंही नाही. पूर्वी ज्वारीच्या भागात धान्य पेवात ठेवायचे. जमिनीत खोल खड्डा, आत कडबा-भुसकट लावलेलं, तोंडावर माती. वर्षा-दोन वर्षांनी पेव उघडलं की आंबूस-कुबट असा एक जड वास वर यायचा, आणि पेवातल्या ज्वारीची भाकरी तो वास घेऊनच ताटात यायची. जुनी माणसं पेव उघडून लगेच आत उतरत नसत. आधी कंदील सोडायचे. विझला तर थांबायचं. कारण आत जो वायू साठतो, ज्यानं माणूस उतरल्या उतरल्या बसकण मारतो आणि पुन्हा उठत नाही, त्याला वासच नसतो. वास यायचा तो धान्याचा, आणि धान्याच्या वासानं कुणी मरत नाही. पेवात माणसं गेल्याच्या गोष्टी आमच्या लहानपणी गावोगाव होत्या. ज्यांनी नाकावर भरवसा ठेवला, ती गेली.

आता चांगल्या वासाचे शब्द बघा. सुगंध, सुवास, परिमळ. हे शब्द आजीच्या तोंडी नव्हते. ते आमच्याकडं कीर्तनातून आले. नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस खांब आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साल. त्या ग्रंथात परिमळ हा शब्द ठिकठिकाणी येतो. परिमळ म्हणजे मुळात चोळल्यावर, उगाळल्यावर सुटणारा वास, चंदनाचा सुटतो तसा. हे एका कीर्तनकार महाराजांनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण तो शब्द एकदम हाताशी आला. पण परिमळ घरी आणून बोलायची आमची छाती नव्हती. भाकरीला परिमळ सुटला असं आमच्यात कुणी म्हटलं असतं, तर त्याला ताप आलाय का ते बघितलं असतं. ‘गंध’ तर आमच्याकडं नाकाचा शब्दच राहिला नाही. गंध म्हणजे कपाळाचा टिळा. वारकरी एकमेकांना गंध-बुक्का लावतात, तो डोळ्यांनी बघायचा.

दुसऱ्या काही गोष्टी बाजारातून आल्या. अत्तर अरबी. गुलाब फारसी, आणि तिथं तो मुळात फुलाचं पाणी म्हणून होता. नगर शहर १४९० साली मलिक अहमदानं वसवलं. निजामशाहीचं शहर. तिथून उरुसाला, जत्रेला अत्तराची पेटी काखेत मारून फिरणारे यायचे. कानाच्या पाळीमागं ठेवायचा कापसाचा बोळा, त्याला अत्तराचा फाया म्हणतात, तो लग्नातल्या नवरदेवाला मिळायचा. पुढं आठ दिवस तो कानात तसाच राहायचा आणि नवरदेव नांगर धरून अत्तराच्या वासात घाम गाळायचा. शिर्डीला गेलं की ऊद-लोबान. हेही शब्द बाहेरचेच.

मग आपलं म्हणून काय राहिलं? खमंग आणि खरपूस. हे दोन्ही चुलीतून आलेत. हिंग-जिऱ्याची फोडणी खमंग. लोणी कढत आलं, कणी पडायला लागली, खाली बेरी तांबूस झाली की तूप खमंग. आगटीतल्या गोवऱ्यांवर भाजलेलं कणीस हातावर चोळलं की हुरडा खरपूस. काळ्या मसाल्यासाठी मिरच्या, दगडफूल, खोबरं भाजताना अर्धं आळंब ठसकतं आणि तरी म्हणतं, काय खमंग वास सुटलाय. म्हणजे आमच्या माणसाला चांगला वास कळला तो अन्न शिजताना. फुलाच्या वासाला त्यानं वेगळा शब्द काढलाच नाही, घमघमाट आणि दरवळ यावर भागवलं, आणि हे दोन शब्द किती वास आहे ते सांगतात, कसला आहे ते सांगत नाहीत.

पहिल्या पावसाच्या वासाला तरी आपला शब्द असायला हवा होता. नाही. ‘मातीचा वास सुटला’ एवढंच. मृद्गंध हा पुस्तकातला शब्द, मी तो रेडिओवर पहिल्यांदा ऐकला. ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. दुसऱ्याच वर्षी मातीतल्या सूक्ष्म जिवांपासून होणारं त्यातलं एक द्रव्य वेगळं ओळखलं गेलं, त्याला जिओस्मिन म्हणतात. माणसाच्या नाकाला ते इतकं थोडं असलं तरी कळतं की आकडा सांगून उपयोग नाही. विहिरीत शाईचं बोट बुडवल्यावर पाण्याचा रंग ओळखण्यासारखं आहे ते. उत्तर प्रदेशात कनौजला तर मातीचंच अत्तर काढतात, आणि ते या शास्त्रज्ञांनाही माहीत होतं. आमचा शेतकरी जूनभर आभाळाकडं बघत त्या वासाची वाट बघतो, आणि त्याला नाव द्यायचं त्याच्या मनात आलं नाही. वास आला की औताला जुंपायची घाई, नाव कधी ठेवणार?

चांगल्या-वाईट वासाचा गावातला सगळ्यात मोठा हिशोब मात्र मोटेचा आहे. तो कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून लिहितो.

ऑइल इंजिन आणि विजेचे पंप येईपर्यंत आमच्या भागातल्या विहिरींवर मोट चालायची. मी शाळेत जायला लागलो तेव्हा ती शेवटच्या घटकेला आली होती, पण बघितलेली आहे. चामड्याची मोट, खाली सोंड, वर नाडा, सोंडेला सोंदूर. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची आणि थारोळ्यात ओतायची. त्या पाण्याला चामड्याचा आणि चोळलेल्या तेलाचा वास असायचा. तेच पाणी पाटानं घासाला, वांग्याला, उसाला जायचं. तेच पाणी दुपारी ओंजळीनं आम्ही प्यायचो, आणि गावातले सोवळ्यातले लोकही मळ्यात आले की प्यायचे. त्या पाण्याला कुणी घाण म्हटलेलं मला आठवत नाही.

पण ते चामडं जिथं तयार व्हायचं, तिथं गावाचं नाक एकदम जागं व्हायचं. मेलेलं जनावर ओढून नेणं महार समाजावर लादलेलं. कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाचं. चुन्यात भिजवायचं, केस काढायचे, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं. मोट शिवणं, जोडे शिवणं चांभार समाजाचं. कुंडातल्या वासाला उग्र, सडका, मेलेल्या ढोराचा, असे किती तरी शब्द होते, आणि गावानं ते कुंडाला न लावता माणसांना लावले. वस्ती गावाच्या ज्या बाजूला वारा वाहून जातो त्या बाजूला. शाळेत पोरगं मागच्या रांगेत. कुणी विचारलं तर, ‘वास येतो.’ चुना, साल आणि घाम यांचा वास जेवढा खरा होता, तेवढंच हेही खरं होतं की त्या वासाशिवाय गावातल्या एकाही मळ्याला पाणी मिळालं नसतं. बाभळीच्या सालीत मुरलेल्या चामड्याचा वास मला स्वतःला आवडतो. नवीन जोड्याचा तो वास अजून आवडतो म्हणणारे लोक शहरात पुष्कळ आहेत, आणि ते त्यासाठी हजारो रुपये मोजतात.

१९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, असं आपल्या लोकांना बजावून सांगितलं. पुढं गावोगाव लोकांनी ढोरं ओढायचंही सोडलं. ते बरोबरच केलं. आमच्या गावात ते कधी थांबलं त्याची तारीख कुणाकडं नाही, पण थांबल्यावर गावाला पहिल्यांदा कळलं की मेलेल्या बैलाचा वास कसा असतो. तोवर तो दुसऱ्यांनीच घेतला होता. काही वर्षं गिधाडांनी गावाची लाज राखली. ओढ्याच्या कडेला जनावर टाकलं की संध्याकाळपर्यंत सांगाडा. मग नव्वदच्या दशकात गिधाडं दिसेनाशी झाली. जनावरांना दुखण्यावर टोचायचं डायक्लोफिनॅक नावाचं औषध मेलेल्या जनावराच्या अंगातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. जनावरांसाठी ते औषध सरकारनं २००६ साली बंद केलं, पण तोवर देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली होती. आता ओढ्याला आठ-आठ दिवस घाण मारते. कुत्री वाढलीत. ग्रामपंचायतीच्या सभेत लोक उठून म्हणतात, वास येतो, काहीतरी करा. करायचं कुणी, यावर सभा संपते.

बहात्तरच्या दुष्काळाचंही एका ओळीत सांगून टाकतो. रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे. आजीनं पहिल्यांदा दळून आणली, तव्यावर भाकरी टाकली आणि तवा हुंगत बसली. ‘हिला कुबट न्हाई, उबट न्हाई, खमंग न्हाई. हिला वासच न्हाई.’ वीस शब्दांपैकी एकही बसत नव्हता, याचंच तिला भ्या वाटलं. खडी फोडायच्या कामावर मिळणाऱ्या सुकडीला मात्र गोडसर वास होता, आणि आम्ही पोरं त्या वासामागं मैलभर चालायचो.

सगळ्यात लांबचा प्रवास केलेला शब्द म्हणजे ‘मळी’. गुऱ्हाळावर रस काहिलीत तापायला लागला की त्याला आधी हिरवट वास येतो. भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी टाकलं की मळ वर येतो, तो झाऱ्यानं काढायचा, ती मळी. मळापासून मळी, सरळ शब्द. पण ती गोड असायची, जनावरांना घालायचे. पुढं रस आटतो, काकवीचा दाट वास येतो, आणि शेवटी गुळव्या नाक वर करून उभा राहतो. पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो खरा, पण त्याच्या आधी त्याला नाकानं कळलेलं असतं. खरपूसपणा आला की काहील उतरवायची. दोन मिनिटं जास्त झाली की करपट, आणि सगळ्या आधणाचा भाव पडला. गुऱ्हाळाचा वास दोन कोस जायचा. वाटसरू त्या वासावर वाट सोडून यायचा आणि रस पिऊन जायचा, पैसे कुणी घेत नसे.

प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं, कालव्यांखाली ऊस वाढला. त्याच सुमाराला श्रीरामपूरकडं हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून लोणीला सहकारी कारखाना काढला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. या कारखान्यांनी आमच्या जिल्ह्याला काय दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घराच्या भिंती त्या उसावर उभ्या आहेत, तेव्हा मी उगाच नावं ठेवणार नाही. पण शब्दाचं काय झालं ते बघा. कारखान्यात साखर काढून झाल्यावर जो काळा, दाट पाक उरतो त्यालाही लोक मळी म्हणायला लागले. मळीपासून दारूचं स्पिरिट काढायला लागले. एक लीटर स्पिरिटामागं साधारण आठ ते पंधरा लीटर काळं-तांबडं पाणी उरतं. त्या पाण्यालाही मळीच म्हणतात. ते उघड्या खड्ड्यात साठवलं, नाहीतर ओढ्याला सुटलं, की वारा फिरेल तिकडं वास. आंबलेला, सडका, अंड्यासारखा, आणि खालून जरासा गोड. तो गोडपणाच सहन होत नाही.

आमच्याकडं आता मळी म्हटलं की पोरं नाक धरतात. ‘आज मळी सुटली’ म्हणजे वास सुटला. झाऱ्यावरची ती गोड मळी कुणाला माहीत नाही. पूर्वी आमच्याकडं कारखान्याच्या वाऱ्याखालच्या वस्तीवरच्या लोकांनी तक्रारी केल्या. कागदावर काय लिहायचं, हा पहिला प्रश्न आला. ‘दुर्गंधी येते’ असं लिहिलं. वरून उत्तर आलं की तपासणीच्या दिवशी दुर्गंधी आढळली नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी तेव्हा सांगितलं होतं, ‘दुर्गंधी कशाला लिव्हता? ती बामणाच्या घरात येती. लिव्हा, पानी आंबलंय, इहिरीत कुजट येतंय, जनावर तोंड लावत न्हाई.’ पुढच्या अर्जात तसं लिहिलं. त्या अर्जानंतर विहिरीच्या पाण्याचा नमुना तरी घेऊन गेले.

कारखान्याच्या हंगामात पाथर्डीकडून, बीडकडून ऊसतोडीची माणसं येतात. कोप्यांत राहतात, चिपाडाच्या धुरात स्वयंपाक. त्यांच्या पोरांच्या कपड्यांना धुरकट वास असतो, आणि गावच्या शाळेत त्यांना अजून कुणीतरी म्हणतं, वास येतो. माणसं बदलली, वाक्य तेच राहिलं.

आता घरोघर संकरित गाया आहेत. तिथं वासाचं काम नव्यानं निघालंय. शेजारच्या पोराची गाय व्याली, पंधरा दिवसांत वैरण खाईना, दूध निम्म्यावर. त्यानं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरनं विचारलं, तोंडाला वास कसला येतो? पोरगं म्हणालं, ‘सर, स्मेल येतो.’ कसला? ‘काहीतरी येतो.’ त्याची आजी ओट्यावर होती. उठून गाईच्या तोंडापाशी गेली आणि म्हणाली, ‘गोडसर येतोय, पिकून उतरलेल्या फळावानी. त्याला सांग.’ डॉक्टर फोनवरच म्हणाले, कीटोसिस असेल, येतो मी. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर अंगातली चरबी जाळायला लागते, तेव्हा तिच्या श्वासाला असा गोड वास येतो. चांगला वास, पण दुखण्याचा. सलाईन लावलं, गाय उठली. कांद्याच्या चाळीतही असंच. चाळीच्या एका कोपऱ्यात गोडूस-कुजट वास धरला की तिथली पाटी काढायची. तो वास ज्याला ओळखता येत नाही, त्याची चाळ घोडेगावच्या बाजारात जायच्या आधी निम्मी खाली गळते.

२०२१च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, वासच गेलेली माणसं आम्ही बघितली. घरात सकाळी उठल्यावर एकेकाच्या नाकाला हिंगाची डबी लावायची. ‘येतोय का?’ ‘येतोय.’ त्या दोन महिन्यांत ‘वास येतोय’ हे चांगल्या बातमीचं वाक्य होतं. तेवढ्यापुरतंच.

आमच्याकडं मुरघास करतात. हिरवा मका बारीक तोडायचा, खड्ड्यात दाबून भरायचा, वरून प्लास्टिक आणि माती. दीड महिन्यानं उघडायचा. माहितीच्या कागदावर लिहिलेलं असतं की चांगल्या मुरघासाला ‘आल्हाददायक आम्लयुक्त सुवास’ येतो. त्यावरून कुणाला काही कळेल असं मला वाटत नाही. यंदा मे महिन्यात आम्ही खड्डा उघडला. सून खाली वाकली, मूठभर काढला, हुंगला आणि म्हणाली, ‘आबा, आंबूस-गोड हाय, चांगला हाय. ह्या कोपऱ्यात मात्र उबट येतंय, प्लास्टिक फाटलं असंल.’ बघितलं तर उंदरानं कुरतडलेलं होतं. तिथल्या चार पाट्या उकिरड्यावर टाकल्या, भोकाला चिकटपट्टी लावली आणि बाकीचा गाईंना घातला.